एका खुर्चीपायी

नाही, कीड नाही ती. कीड कधी अशी मोजून चार पायांना चार भोकं पाडते का? स्क्रूची आहेत ती भोकं. ठेव खाली आता, किती वेळ खुर्ची उलटी धरून उभा राहणार आहेस, कंबर धरेल तुझी — हां, तिथेच, खिडकीपाशी, तिची जागा तीच आहे. आणि तुझ्या त्या कागदावर लिहायचं तर लिही — चारही पायांच्या तळाला भोकं, मागाहून पाडलेली. कुणी पाडली ते लिहायला रकाना आहे का? नसेलच. बुजवायची? नाही रे बाबा, बुजवायची नाहीत. तुमच्या म्युझियमचा काय नियम असेल तो असेल, पण ती भोकं तशीच राहणार असतील तरच खुर्ची या घरातून हलेल, हे आधीच सांगून ठेवते, सही मी अजून केलेली नाही. — बस ना. तिच्यात नको, त्या बाकावर बस. कॉफी थर्मासमध्ये आहे, तुझी तूच ओत, माझ्या मनगटांना आता भरलेला थर्मास पेलत नाही. दालचिनीचे पाव घे, सिग्नेने आणलेत काल, सिग्ने म्हणजे माझी मुलगी — येणार आहे ती बारापर्यंत, खुर्चीला निरोप द्यायचाय म्हणाली. लाकडाला कसला निरोप द्यायचा? पण म्हणाली, आई, लहानपणी मी तिच्यात झोपून जायचे. मग ये म्हटलं. आणि आस्गर — आस्गरच ना नाव तुझं? — मला बोडिल म्हण. एक्याऐंशीची झाले म्हणून इथे स्वेन्बोर्गात कुणी मला बाईसाहेब म्हणत नाही, तू कोपनहेगनहून आलास म्हणून सुरू करू नकोस.

काय विचारलंस मघाशी? हां. आजच्या समाजात डिझाइनचं स्थान काय, त्याचं मोल काय. साठ शब्दांत, खुर्चीशेजारच्या भिंतीवर लावायला. हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल सांगू? मिलानमध्ये विचारला, तोक्योत विचारला, ओडेन्सच्या लायब्ररीत एका बाईने तर माझ्या तोंडात घास असताना विचारला. आणि चाळीस वर्षं मी एकच उत्तर देत आले — चांगली वस्तू तीच, जी तुमच्या लक्षातच येत नाही. जो नळ नीट फिरतो त्याच्याकडे कुणी बघत नाही, अडला की शिव्या. लोक माना डोलवायचे. वहीत उतरवून घ्यायचे. मग टाळ्या, मग वाईन, मग कुणीतरी मला हॉटेलवर सोडायला यायचं. खोटं बोलत नव्हते मी, तसं समजू नकोस. नळाचं ते खरंच आहे. पण आता तो प्रश्न कानावर आला की मला झोप येते — तुझ्यावर राग नाही, तू चांगला मुलगा दिसतोस, बूट दाराबाहेर काढून आलास — पण दमायला होतं. तेच शब्द पुन्हा तोंडात घोळवायचे म्हणजे दुसऱ्याने चावलेला पाव खाल्ल्यासारखं वाटतं.

तेहतीस वर्षांची होते मी ही आखली तेव्हा. कारखान्यात माझ्या टेबलाशेजारी आबेल बसायचा, सुतार, साठीचा, बोटं दोनच शिल्लक होती डाव्या हाताची — पण त्या दोन बोटांना जे कळायचं ते आमच्या कुणाच्या दहा बोटांना कळायचं नाही. खुर्चीच्या या हाताच्या कडेवर आम्ही अकरा दिवस घालवले. ही कड, बघ ना, अंगठा फिरव तिच्यावरून. कुठे सुरू होते आणि कुठे संपते कळतं का? नाही कळत. अकरा दिवस. आणि बैठक जमिनीपासून पस्तीस सेंटिमीटर, मागे झुकलेली, कागदाच्या दोरीने विणलेली — तेव्हाच्या सगळ्या खुर्च्या ताठ असायच्या, चर्चमध्ये बसल्यासारखं बसावं लागायचं, आणि मला वाटायचं माणूस घरी आला की सैल व्हावा, पाण्यावर पडल्यासारखा. म्हणून कारखान्यातल्यांनी तिला होडी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. आबेल पहिल्यांदा बसला तिच्यात. बसला, डोळे मिटले, म्हणाला, बोडिल, झकास झालीय, फक्त आता क्रेन बोलाव मला उठवायला. हसलो आम्ही. मी काय म्हणाले ठाऊक आहे? — उठावंसंच वाटणार नाही अशीच केलीय ती. मालकाने ते वाक्य उचललं आणि जाहिरातीत छापलं. आबेल साठीचा होता रे. त्याचे गुडघे काय म्हणत होते ते त्याने मला सांगितलं होतं, तोंडावर सांगितलं होतं, आणि मी त्याची जाहिरात केली. कुणाचे गुडघे होते माझ्या डोळ्यांपुढे? माझे. तेहतिशीतले. मी माझ्याच गुडघ्यांसाठी खुर्ची आखली आणि जगाला म्हटलं, घ्या, ही माणसासाठी आहे.

आणि जगाने घेतली की. लायब्ररीत गेली, विमानतळावर गेली, टीव्हीवर मुलाखती घेणारे तिच्यात बसायला लागले. फक्त हेल्गे बसायचा नाही. हेल्गे माझा नवरा. बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचा — हात हे एवढाले, आणि कितीही घासले तरी नखांत काळं. तो स्वयंपाकघरातल्या बाकावर बसायचा, तू बसलायस ना, त्याच, तेव्हा तो तिकडे होता. राईचा ब्रेड, त्यावर लिव्हरची पेस्ट, वर बीट, आणि रेडिओ. मी म्हणायचे, अरे बैस की होडीत. म्हणायचा, मी तेल-वंगणाचा माणूस, तुझी होडी मळेल. बावन्न वर्षं संसार केला आम्ही आणि माझ्या कामाबद्दल तो चांगलं-वाईट एक शब्द बोलला नाही. फक्त कुणी पाहुणा आला आणि खुर्चीचं कौतुक करायला लागला, की तो हळूच उठून कॉफी करायला जायचा — आणि मला स्वयंपाकघरातून त्याचं गुणगुणणं ऐकू यायचं. तेवढ्यावरून ओळखायचं.

मग त्याला झटका आला. मार्चमध्ये. डावी बाजू गेली, म्हणजे अगदी गेली असं नाही, पाय ओढत चालायचा काठीवर, पण हातात जोर नाही. आणि मग त्याला बाक नको झाला, त्याला खिडकी हवी झाली. इथून सामुद्रधुनी दिसते, फेरी जाताना दिसते — दिसायच्या आधीच इंजिनाच्या आवाजावरून तो सांगायचा, आज अमका आहे खाली, तो वेग धरताना घाई करतो. दिवसभर तेच. आणि खिडकीपाशी कोण होतं? होडी. तिच्यात बसायचा म्हणजे पडायचाच, आणि उठायचा म्हणजे — मी पुढून ओढायचे, तो काठी रोवायचा, दोघं धापा टाकायचो. दिवसातून आठ वेळा. मी पंच्याहत्तर वर्षांची होते तेव्हा.

नगरपालिकेने पर्निलेला पाठवलं. म्हाताऱ्या, आजारी माणसांना घरात काय काय लागेल ते बघून जायचं, हे तिचं काम. तिने खिशातून टेप काढली आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत हेल्गेचा पाय मोजला. मी बघत उभी. आस्गर, मी जन्मभर खुर्च्या आखल्या, माणसाचं शरीर असं आणि तसं म्हणून वर्गांत शिकवलं, आणि माझ्या नवऱ्याचा पाय मी कधी मोजला नव्हता. ती म्हणाली, यांना उंच बैठक हवी, हात पुढपर्यंत आलेले हवेत म्हणजे रेटा देऊन उठता येईल. दुसऱ्या दिवशी गाडीतून आली ती खुर्ची. राखाडी. पुसून काढता येईल असं प्लास्टिकचं कापड, पाठीवर नंबर चिकटवलेला, पायांना रबरी टोप्या, पांढऱ्याफटक दिव्यात दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी असते ना, तशी. हेल्गे तिच्यात बसला आणि उठला. एकटा. मी काय म्हणाले? म्हणाले, वास येतोय तिला. दोन दिवस होती ती घरात. दोन दिवस मी या खोलीत आले नाही, स्वयंपाकघरात जेवले. तिसऱ्या दिवशी हेल्गेनेच पर्निलेला फोन करून बोलावून घेतलं — पर्निले, घेऊन जा बाई ती, ती राहिली तर मला घरात दोन आजारी माणसं सांभाळावी लागतील. हसत म्हणाला. पर्निले हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, या घरात असली वस्तू उभी राहणार नाही. असलं वाक्य, मोठ्याने. ती म्हणाली, घर तुमचं आहे, आणि खुर्ची उचलून घेऊन गेली.

भोकं, हो, येतेय तिकडेच. तुला घाई आहे का? गाडीवाला थांबलाय खाली, थांबू दे, त्यालाही पाव नेऊन दे जाताना. — सप्टेंबरात मी आरहुसला गेले होते दोन दिवस, व्याख्यानाला, हो, तेच व्याख्यान. परत आले तर होडी वर आलेली. शेजारचा स्वेन आहे ना, त्याला हाताशी धरून हेल्गेने बर्चच्या लाकडाचे चार ठोकळे करून घेतले होते, नऊ-नऊ सेंटिमीटरचे, आणि होडीचे पाय तिरके, ठोकळे सरकायला लागले म्हणून प्रत्येकात खालून एकेक स्क्रू मारून घेतला. अशी उभी होती ती, लाकडी बूट घालून गोठ्यात निघालेल्या बाईसारखी. आणि हेल्गे म्हणाला, थांब, कोट काढू नकोस, आधी बघ. बसला. उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. तीन वेळा. शाळेतून आलेलं पोर दाखवतं ना काही, तसा चेहरा. आणि मी — तो उठत होता आणि मी ठोकळ्यांकडे बघत होते. म्हणाले, ही पहिली आहे, हेल्गे, आबेलने हाताने केलेली पहिली, तिच्यात तू भोकं पाडलीस? तो म्हणाला, होडी आहे ना, भरतीला वर येणारच. मी नाही हसले. पण काढले नाहीत ठोकळे, एवढं तरी. तीन आठवडे तो आपला आपण उठत होता. मी बाहेर जाऊ शकत होते, पोहायला जाऊ शकत होते. तीन आठवडे ही खुर्ची खरोखर चांगली होती. तेवढेच.

मग ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी जपानहून मासिकवाले आले. एक बाई आणि एक फोटोग्राफर, अदबीने वागणारी माणसं, आल्याबरोबर खुर्चीला मान लववली त्यांनी. सकाळीच मी ठोकळे काढले. हेल्गेचाच स्क्रू-ड्रायव्हर, मी गुडघ्यांवर बसून फिरवतेय आणि तो उभा, भिंतीला टेकलेला, चांगल्या हाताची वाटी करून एकेक स्क्रू त्यात धरतोय, सांडू नयेत म्हणून. म्हटलं, ते गेले की लगेच लावू परत. म्हणाला, हो की. — तुझं ते पोस्टर उघड. उघड, मला माहीत आहे कुठला फोटो आहे तो. तोच. प्रदर्शनाच्या सगळ्या भिंतींवर लागणार ना? ऑक्टोबरचा उजेड, खिडकी, होडी, आणि होडीत म्हातारा, पाण्याकडे बघत. फोटोग्राफरने विनवणी केली, यांना बसवा ना, फक्त पाच मिनिटं. मीच त्याला धरून खाली उतरवलं. लोक लिहितात मला, किती निवांत दिसतात तुमचे यजमान. उजवा हात बघ त्याचा. खुर्चीच्या हातावरची बोटं बघ. कडेला धरून ठेवलंय त्याने, पांढरी पडलीत बोटं. अकरा दिवस घालवलेली ती कड. गुळगुळीत आहे ना, पकडायला काहीच नाही तिच्यात.

त्यांची गाडी होती सव्वाची. मी म्हटलं, चला, मी येते स्टेशनपर्यंत, पाच मिनिटांचा तर रस्ता. सगळ्यांनी कोट घातले. दाराशी उभे आम्ही. आणि हेल्गे म्हणाला — बोडिल, आधी मला उठव.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

का सांगतेय तुला, तेही माहीत नाही. तू भोकांचं विचारलंस. — आधी मला उठव, म्हणाला. साधेपणाने, जसं कुणी म्हणेल, आधी खिडकी लाव. पाहुण्यांपुढे त्याला लघवीचं म्हणवेना, मला कळलं होतं ते, बावन्न वर्षांत आवाजावरून कळतं. आणि त्याला ओढून काढायचं म्हणजे धापा, घाम, ते सगळं त्या दोघांसमोर — नुकताच त्यांनी तो फोटो काढला होता ना, पाण्यावर पडल्यासारख्या माणसाचा. मी म्हटलं, आलेच रे दहा मिनिटांत. आणि निघाले. स्टेशनवर त्या बाईने मला विचारलं, आजच्या समाजात डिझाइनचं मोल काय. हो, हेच. मी सांगायला लागले. ऐकणारी चांगली होती ती, प्रश्नावर प्रश्न विचारत होती, आणि समोरून गाडी निघून गेली, आम्ही हसलो, पुढची अर्ध्या तासाने होती, मी थांबले. सांगत राहिले. किती छान बोलले मी त्या दिवशी, तुला सांगते — नळाचं सांगितलं, दाराच्या कडीचं सांगितलं, माणसाचा मान राखते ती वस्तू, असलं काहीतरी म्हणाले. परत यायला तास होऊन गेला.

खिडकी आणि खुर्चीच्या मध्ये पडला होता. पायाखालचा गालिचा गोळा झालेला, पँट ओली. काठी लांब घरंगळलेली. शुद्धीवर होता. माझ्याकडे बघून म्हणाला, फोटो चांगले आले का गं? टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी आज बरी झोपले असते.

रुग्णवाहिकेतली मुलं आली, त्यांनी विचारलं, कसं झालं आजोबा? मी तोंड उघडलं. माझ्या आधी हा बोलला. म्हणाला, गालिच्यात पाय अडकला. त्यांनी लिहून घेतलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, ते बरं झालं, मग न्युमोनिया, आणि एकोणिसाव्या दिवशी गेला. मधे एकदा मी विचारलं त्याला, दवाखान्यात, खोलीत कुणी नव्हतं — गालिच्याचं का सांगितलंस? म्हणाला, तुला अजून त्या खुर्चीबरोबर राहायचंय. गालिच्याला काय त्याचं. आणि डोळे मिटून घेतले, दमायचा तो बोलून. गालिचा कुणाचा होता हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. नसणारच. माझ्या आलं होतं.

सिग्नेचा होता. एकोणीस वर्षांची असताना हस्तकलेच्या निवासी शाळेत होती ती एक हिवाळा, मागावर बसून तिने विणला, निळा आणि राखी, एका कोपऱ्यात चूक झालेली, ती तशीच ठेवलेली. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आणून इथे अंथरला होता. बापाचं कार्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली, गालिचा गुंडाळला, खांद्यावर घेतला, आणि कचरा टाकतात तिकडे गाडीने नेऊन टाकून आली. मी इथेच उभी होते. म्हणणार होते, थांब. काय म्हणाले? म्हणाले, दाराच्या चौकटीला लागेल, सांभाळून ने. त्यानंतर ती मागावर बसलेली नाही. तिच्या घरात एक गालिचा नाही, थंडीत फरशी अशी गार असते. आणि दुसऱ्या कुणाच्या घरी गेली ना, की बोलता बोलता गालिच्याची उचललेली कड ती बुटाच्या टोकाने दाबत बसते. तिला कळतही नाही आपण करतोय ते. मला कळतं. सहा वर्षं बघतेय मी ते पाऊल. एकदा ख्रिसमसला म्हणाली, आई, त्याच्या खाली रबर लावायला हवं होतं ना मी? मी म्हटलं, बटाटे वाढ.

हां — ही मी बसलेय ती? दिसलं का तुला? नगरपालिकेचीच. तीच राखाडी, पाठीवर नंबर आहे, बघ हवं तर. दोन वर्षांपूर्वी माझे गुडघे गेले, तेव्हा मीच फोन केला, पर्निलेच आली. टेप काढली, पाय मोजला, एका शब्दाने मागचं काढलं नाही. चांगली खुर्ची आहे रे. उठता येतं. मला वास येत नाही आता हिचा. पण तुला सांगू, हिचंही सगळं बरोबर आहे असं नाही. तो स्वेन — त्यालाही दिलीय अशीच. नातवंडं येणार असली की तो ती दारामागे लपवतो आणि दुपारभर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहतो, दुसऱ्या दिवशी कंबर धरून फिरतो. मी म्हटलं, कशाला लपवतोस? म्हणाला, तिच्यात बसलो की पोरं हळू आवाजात बोलायला लागतात. म्हणजे बघ. मला वाटलं, हे तर माझं काम. उंच बैठक, पुढपर्यंत हात, आणि तरी पोरांनी मोठ्याने बोलावं अशी. दोन हिवाळे आखत होते. होत नाही माझ्याकडून. बैठक वर घेते आणि दहा मिनिटांनी बघते तर पेन्सिलीने पाठ मागे झुकवलेली असते, हात बारीक केलेले असतात, होडीच होते पुन्हा. हाताला सवय लागलेली असते सुंदर करायची. शेवटी कागद गुंडाळून ठेवले. तुझ्यासारख्या कुणीतरी करावं ते, ज्याला पाय मोजायची लाज वाटत नाही.

तर भिंतीवर काय लिहायचं. साठ शब्द नाहीत रे माझ्याकडे. तीन आहेत, आणि तेही माझे नाहीत, ते मी मघाशी सांगितले तुला. ते नको लिहूस. तूच लिही काहीतरी, नळाचं लिही, लोकांना आवडतं. पोस्टरही लाव. मी नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील, आणि सगळ्यांना सांगत बसायला मला नाही —

थांब. गाडी वाजली का? बघ जरा खिडकीतून. लाल? तीच आहे, लवकर आली. तू हे — आस्गर, तिच्यापुढे यातलं काही काढू नकोस हं. कॉफी संप. चेहरा नीट कर तुझा, असा काय बसलायस.

ये गं. हा आस्गर, म्युझियममधून आलाय. आम्ही लाकडाचं बोलत होतो. ओकचं, आबेलचं, जुनंच सगळं. नाही, नेली कुठे अजून, ती काय खिडकीपाशी. हो, बस ना हवं तर, झोप की तिच्यात, तुझ्यासाठीच ठेवलीय बारापर्यंत. — फोटो? तो पोस्टरचा आहे. हो, बाबाच. छान आलाय, हो.

काय म्हणालीस?

काय म्हणालीस, सिग्ने? — गालिचा. हो, दिसतोय त्याच्यात. कोपरा दिसतोय खाली.

आस्गर, तू जा बाळा. कागद ठेव टेबलावर, सही करून ठेवते. खुर्ची दुपारी ने, उद्या ने, कधीही ने. आत्ता नको. पोस्टर राहू दे इथे. सिग्ने, कोट काढ. त्या बाकावर बस, इथे, माझ्याजवळ. काही झालेलं नाहीये मला, बरी आहे मी, बस म्हणते ना. — तू अजून इथेच? जा. दार ओढून घे.